इंग्रजी दीर्घनामांची घडण आणि आघात : प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, आणि त्याच्याही पूर्वीपासून महाराष्ट्रातील विद्यार्थी इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे पहाटे उठून घोकीत आले आहेत. तर्खडकरी भाषांतरमालांच्या आधाराने त्यांनी व्याकरणात, वाक्यपृथक्करणात आणि भाषांतरात जे नैपुण्य संपादन केले, त्याची साक्ष न्यायालयांच्या निकालपत्रांतून, विधिमंडळांतील भाषणांतून आणि विपुल ग्रंथसंभारातून आजही मिळते. परंतु एवढ्या दीर्घ परंपरेत एका गोष्टीची उपेक्षा सातत्याने होत आली. इंग्रजी शब्दात, आणि विशेषतः चार-पाच-सहा अक्षरांच्या लांबलचक नामात, वर्णांचा क्रम जितका महत्त्वाचा तितकेच आघाताचे स्थानही महत्त्वाचे असते, हे विद्यार्थ्याला बहुधा कोणी सांगितले नाही. आणि ज्यांनी सांगितले त्यांनीही 'ते ऐकून ऐकून येते' एवढ्यावर तो विषय आटोपता घेतला. इंग्रजाच्या मुलाला ते ऐकून येते हे खरे. पण ज्याच्या कानांवर ती भाषा वर्गातल्या तासापुरतीच पडते, त्याला नियमाचा आधार हवा. असा नियम आहे, तो आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच सुसंगत आहे, आणि तो आत्मसात करण्याची साधने मराठी वाचकापाशी आधीपासूनच आहेत, हे दाखविण्याच्या हेतूने हे पुस्तक लिहिले आहे.

प्रथम दोन संज्ञांचा खुलासा करणे अवश्य आहे. ह्या पुस्तकात 'अक्षर' हा शब्द छंदःशास्त्रातील अर्थाने योजिला आहे : एका स्वरासह एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा अवयव, मग तो लिहिताना इंग्रजीत दोन वर्ण लागोत की सहा. 'आघात' म्हणजे त्या अवयवांपैकी एकावर दिला जाणारा विशेष जोर. तो अवयव शेजाऱ्यांपेक्षा अधिक ठाशीव, काहीसा अधिक लांब आणि बहुधा अधिक उंच स्वरात उच्चारला जातो. मराठीत असा जोर आपण वाक्याच्या अभिप्रायानुसार देतो, आणि तो बदलला म्हणून शब्द बदलत नाही. इंग्रजीत मात्र आघात हा शब्दाच्या घडणीचाच भाग आहे. 'रेकॉर्ड' ह्या शब्दात पहिल्या अक्षरावर आघात दिला तर ते नाम होते, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. 'परमिट' ह्या आपल्या कचेऱ्यांत रुळलेल्या शब्दाचीही तीच स्थिती आहे.

आघाताचे हे प्रभुत्व प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर 'फोटोग्राफ' हा सर्वपरिचित शब्द घ्यावा. त्यात आघात पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून इंग्रज माणूस तो 'फो-ट-ग्राफ' असा काहीसा उच्चारतो. 'फो' भरघोस, मधला 'ट' ओझरता. ह्याच शब्दाला कलावाचक प्रत्यय लागून 'फोटोग्राफी' झाला की आघात दुसऱ्या अक्षरावर जातो आणि सगळा नकाशा पालटतो : 'फ-टॉ-ग्र-फी'. जो 'फो' क्षणापूर्वी भरघोस होता तो क्षीण झाला, जो 'ट' ओझरता होता तो 'टॉ' होऊन पुढे आला, आणि 'ग्राफ'मधला दीर्घ स्वर 'ग्र'मध्ये विरघळला. विशेषणवाचक प्रत्यय लागून 'फोटोग्राफिक' झाला, की आघात आणखी एक पाऊल सरकून तिसऱ्या अक्षरावर येतो : 'फो-ट-ग्रॅ-फिक'. लिखित रूपात धातूचा एकही वर्ण हललेला नाही, आणि उच्चारात एकही स्वर तिन्ही रूपांत सारखा राहिलेला नाही. मराठी विद्यार्थी तिन्ही ठिकाणी 'फोटोग्राफ' तसाच्या तसा, चारही बाजूंनी समान वजनाचा, उच्चारतो आणि ऐकणारा इंग्रज क्षणभर थबकतो. त्याला वर्ण ऐकू येत नाहीत असे नव्हे. तो शब्द ओळखतो तो आघाताच्या आकृतीवरून, आणि ती आकृतीच त्याला सापडत नाही.

आघात गमावलेल्या अक्षरातील स्वर जेथे विरघळतो, ते ठिकाण मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचे आहे. तो स्वर म्हणजे जवळजवळ आपला ऱ्हस्व 'अ'. इंग्रजी बोलण्यात ह्या स्वराइतका वारंवार येणारा दुसरा स्वर नाही, आणि तरीही इंग्रजी लिपीत त्याला स्वतंत्र चिन्ह नाही. तो कधी ए-च्या, कधी ई-च्या, कधी ओ-च्या वेषात लपून बसतो. आपल्या वर्णमालेत तो पहिल्या आसनावर बसला आहे. त्याच्या उच्चाराचे सूक्ष्म निरीक्षण आपल्या पूर्वजांनी इतके केले होते, की सुमारे चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीचा शेवट पाणिनीने ह्याच 'अ'च्या संवृत, म्हणजे मुख किंचित मिटून होणाऱ्या, उच्चाराच्या सूत्राने केला आहे. शिवाय हा 'अ' गाळण्याचीही आपल्याला सवय आहे : 'चमचा' आपण तीन अक्षरांनी लिहितो आणि दोन अक्षरांनी उच्चारतो. तेव्हा जिभेला नवे असे काही शिकावयाचे नाही. मुखात असलेला स्वर योग्य जागी वापरण्याचे धैर्य तेवढे हवे. इंग्रजी स्पेलिंगातला ओ डोळ्यांना दिसत असता तेथे 'अ' म्हणणे हे आपल्याला अशुद्ध वाटते, आणि ह्या शुद्धतेच्या ध्यासानेच आपला उच्चार बिघडतो.

आघाताचे नियम एवढे गुंतागुंतीचे का झाले, ह्याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. मूळ आंग्ल-सॅक्सन भाषा जर्मानिक कुळातली. तिच्यात आघात सामान्यतः शब्दाच्या मूळ धातूवर, म्हणजे बहुतेक आरंभीच, असे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या दरबाराची, कायद्याची आणि वरिष्ठ वर्गाची भाषा फ्रेंच झाली. न्यायालयातील वादप्रतिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा होण्यास १३६२ साल उजाडावे लागले. आपल्याकडे फारसी अंमलात फिर्याद, वकील, जामीन, मुदत, दप्तर हे शब्द जसे मराठीत मुक्कामाला आले आणि घरचे झाले, तसेच न्याय, राज्यकारभार आणि धर्म ह्यांतील फ्रेंच व लॅटिन शब्द इंग्रजीत आले. इतकेच नव्हे, तर 'छाप' ह्या देशी शब्दाला 'खाना' लावून आपण छापखाना केला आणि 'भाल्या'ला 'दार' लावून भालदार केला, त्याचप्रमाणे इंग्रजांनीही आपल्या देशी धातूंना परकीय प्रत्यय जोडून नवे शब्द घडविले. फ्रेंच शब्द अंत्य अक्षरावर भार देत येत. चॉसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, 'नेचर', 'व्हर्च्यू' यांसारखे शब्द काव्यात अंत्याघाताने येत असत. पुढे देशी वळणाने तो आघात आरंभी सरकला. जे शब्द उशिरा आले त्यांनी मात्र आपला मूळ रिवाज सोडला नाही, म्हणून 'हॉटेल', 'पोलीस', 'मशीन' ह्यांत इंग्रज आजही दुसऱ्या अक्षरावर जोर देतो. विद्येच्या पुनरुज्जीवनाबरोबर लॅटिन आणि ग्रीक शब्दांचा लोंढा आला आणि त्यांच्याबरोबर लॅटिनचा आघातनियमही आला. इंग्रजी दीर्घनामांवर आज मुख्यतः अंमल चालतो तो ह्या लॅटिन नियमाचा.

हा नियम ज्याने शाळेत गण पाडले आहेत त्याला सांगताना फार शब्द खर्चावे लागत नाहीत. शब्दाचे उपांत्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर. लघू असेल तर तो एक अक्षर मागे, शेवटून तिसऱ्यावर. दीर्घ स्वर असलेले किंवा पुढे जोडाक्षराचा दाब असलेले अक्षर ते गुरू, ही आपली व्याख्या येथे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. 'अजेंडा' शब्दात उपांत्य 'जें' गुरू आहे, म्हणून आघात त्यावर. हिंदुस्थानातूनच इंग्रजीत गेलेल्या 'व्हरांडा' शब्दात 'रां' गुरू आहे, म्हणून त्यावर. उलट 'अमेरिका' ह्या नावात इंग्रजाच्या उच्चारी उपांत्य 'रि' लघू, म्हणून आघात 'मे'वर. 'सिनेमा' आणि 'कॅमेरा' हे दोन शब्द ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. इंग्रजीत त्यांचे मधले अक्षर लघू आहे, म्हणून आघात पहिल्यावर, आणि मधला स्वर इतका क्षीण की 'कॅमेरा' कित्येकांच्या तोंडी दोनच अक्षरांचा उरतो. आपण ते शब्द घेतले आणि 'ने' व 'मे' दीर्घ करून टाकले. त्यामुळे ज्या अक्षराला तिकडे जवळजवळ अस्तित्व नाही, तेच आपल्याकडे सर्वांत ठळक होऊन बसले. ह्या नियमाला अपवाद आहेत, आणि ते थोडेही नाहीत. पण अपवादांच्या गर्दीने भांबावून नियमच नाकारणे हे शास्त्राच्या अभ्यासकाला शोभणारे नाही.

दीर्घनामांच्या बाबतीत खरी सत्ता असते ती प्रत्ययांची. इंग्रजी प्रत्ययांचे दोन वर्ग पडतात. काही प्रत्यय शब्दाला लागतात पण त्याच्या आघाताला हात लावीत नाहीत. 'हुड', 'शिप', 'नेस' हे देशी प्रत्यय तसे, आणि फ्रेंचमधून आलेला 'मेंट'ही बहुतांशी तसाच. म्हणूनच 'डेव्हलप'मध्ये दुसऱ्या अक्षरावर असलेला आघात 'डेव्हलपमेंट'मध्येही दुसऱ्यावरच राहतो, आणि आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा पहिल्या अक्षरावरचा ठोसा चुकीचा ठरतो. दुसऱ्या वर्गातील प्रत्यय नव्या सुभेदाराप्रमाणे येताक्षणीच सगळी व्यवस्था आपल्या हुकुमाने लावतात. त्यांपैकी 'शन', 'इक' आणि 'इटी' हे आघाताला आपल्या लगतच्या मागील अक्षरावर खेचून आणतात. 'ग्राफी', 'लॉजी', 'क्रसी' हे त्याला स्वतःच्या आरंभीच्या जोडणीवर थांबवितात. आणि 'इंजिनिअर'मधला 'ईअर', 'एम्प्लॉयी'मधला 'ई' असे काही थोडे प्रत्यय तो स्वतःच्याच माथ्यावर घेतात.

ह्याचे सर्वांत सुरेख उदाहरण मराठी वाचकाच्या नित्य परिचयातले आहे. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि 'नॅशनलायझेशन' व 'राष्ट्रीयीकरण' हे दोन्ही शब्द खेड्यापाड्यांत पोहोचले. दोहोंची घडण पायरी-पायरीने एकच आहे : राष्ट्र, राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण, तिकडे 'नेशन', 'नॅशनल', 'नॅशनलाइझ', 'नॅशनलायझेशन'. मात्र आपल्या शब्दात प्रत्यय वाढत गेले तरी 'राष्ट्र' आपल्या जागी अढळ राहते. इंग्रजीत 'नेशन'चा 'ने' दुसऱ्याच पायरीवर 'नॅ' होतो, आणि शेवटच्या पायरीवर मुख्य आघात त्याला सोडून सहापैकी पाचव्या अक्षरावर, 'झे'वर, जाऊन बसतो. त्याच 'नॅशनल'ला 'इझम' लावला तर आघात पहिल्या अक्षरावर राहतो, 'इटी' लावला तर तिसऱ्यावर जातो, आणि 'आयझेशन' लावले तर पाचव्यावर. म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या तीन नामांत आघाताची तीन स्थाने आहेत, आणि तिन्ही ठिकाणी त्याची जागा ठरविणारा अंत्य प्रत्यय आहे. इंग्रजी लांब शब्द वाचताना म्हणूनच दृष्टी प्रथम शेवटाकडे जावी. आपण ती आरंभाकडे ठेवतो आणि पहिल्याच अक्षरावर आपला सगळा जोर खर्ची घालतो.

मुख्य आघात शेवटाकडे गेला म्हणजे आरंभीची सगळी अक्षरे निर्जीव होतात असे मात्र नाही. दीर्घ शब्दात सबळ आणि दुर्बळ अक्षरे आलटून पालटून येण्याकडे इंग्रजीचा ओढा आहे, आणि त्यामुळे एक गौण आघात आधी कोठे तरी पडतोच. 'ॲडमिनिस्ट्रेशन' शब्दात तो दुसऱ्या अक्षरावर आहे, मुख्य आघात चौथ्यावर. 'रिस्पॉन्सिबिलिटी'त तो 'स्पॉन'वर आहे, मुख्य 'बि'वर. ज्याने हे दोन टप्पे नीट साधले, त्याला मधली अक्षरे आपोआप हलकी करता येतात.

प्रत्यय लागताना आघाताबरोबर वर्णही पालटतात, आणि हे पाहून कित्येक विद्यार्थी इंग्रजी ही लहरी भाषा आहे असा निवाडा देऊन मोकळे होतात. तो निवाडा अन्यायाचा आहे. 'इलेक्ट्रिक'मधला 'क' 'इलेक्ट्रिसिटी'त 'स' होतो, 'पब्लिक'मधला 'पब्लिसिटी'त होतो. पण पच् धातूपासून पाक, त्यज् धातूपासून त्याग आणि युज् धातूपासून योग ज्यांनी सहज मान्य केले, त्यांना ह्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. 'डिव्हाइन'चे 'डिव्हिनिटी' आणि 'सेन'चे 'सॅनिटी' होताना दीर्घ स्वर आखूड होतो. संस्कृतात तद्धित प्रत्ययाने नेमकी उलट क्रिया घडते; बुद्धाचा बौद्ध होतो, व्याकरणाचा वैयाकरण होतो, आणि आद्य स्वर आखूड होण्याऐवजी वृद्धी पावतो. दिशा भिन्न असली तरी प्रत्यय हा मूळ शब्दाच्या अंतरंगापर्यंत पोहोचतो, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. आणि ज्या शिक्षकाला संस्कृत व्याकरणाचा थोडाबहुत परिचय आहे, त्याने इंग्रजीच्या तासाला तो बाजूला ठेवू नये अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

अतिदीर्घ शब्दांविषयी येथे थोडे सांगतो, कारण विद्यार्थ्यांना त्यांचे कुतूहल असते. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' नाटकात विदूषकाच्या तोंडी आलेला २७ वर्णांचा लॅटिन शब्द, विल्यम शेनस्टन ह्या कवीच्या १७४१ सालच्या पत्रात आढळणारा 'फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन' हा २९ वर्णांचा शब्द, आणि १९३५ साली अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या संघात मुद्दाम लांबी वाढवून रचलेले फुप्फुसरोगाचे ४५ वर्णांचे नाव, हे सर्व विद्वत्तेचे विनोद आहेत. अभ्यासाच्या दृष्टीने त्या सर्वांपेक्षा मोलाचा शब्द 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' हा होय, कारण त्याचा प्रत्येक अवयव अर्थपूर्ण आणि नियमबद्ध आहे. 'एस्टॅब्लिश' म्हणजे प्रस्थापित करणे. 'मेंट' लागून प्रस्थापना, विशेषतः एखाद्या धर्मसंस्थेला मिळालेला राजमान्य दर्जा. आरंभी 'डिस' लागून तो दर्जा काढून घेणे. ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळाने १८६९ साली कायदा करून आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चचा राजमान्य दर्जा रद्द केला, तेव्हा इंग्लंडात ह्या प्रश्नावर मोठे वादळ उठले होते. पुढे 'एरिअन' लागून असा दर्जा काढण्याच्या मताचा माणूस, 'इझम' लागून ते मत, आणि शेवटी सर्वांच्या आधी 'अँटि' बसून त्या मताला विरोध. आता आघात पाहा. 'एस्टॅब्लिश'मध्ये तो 'स्टॅ'वर आहे. 'मेंट'ने त्याला हलविले नाही, 'डिस'नेही नाही. 'एरिअन' हा मात्र 'व्हेजिटेरिअन'मध्ये तसा येथेही आघात स्वतःकडे ओढून घेतो, आणि 'स्टॅ'ला गौण आघातावर समाधान मानावे लागते. त्यानंतर आलेला 'इझम' काही बदलत नाही, 'अँटि'ही नाही. अशा रीतीने २८ वर्णांच्या, बारा अक्षरांच्या शब्दात मुख्य आघात आठव्या अक्षरावर ठरतो, आणि तो शब्द आयुष्यात प्रथमच पाहणाऱ्यालाही तो न विचारता ठरविता येतो.

दोन स्वतंत्र शब्द मिळून झालेल्या सामासिक नामांचा विचार ह्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरणात केला आहे. तेथे आघात हा समासाचा विग्रह सांगतो. 'इंग्लिश टीचर' ह्या जोडीत पहिल्या पदावर जोर दिला तर अर्थ होतो इंग्रजी विषयाचा शिक्षक. दुसऱ्यावर दिला तर इंग्रज जातीचा शिक्षक, मग तो गणित का शिकवीना. आपल्या वैदिक परंपरेत ह्याच तत्त्वावर एक विलक्षण कथा आहे, आणि पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी तिचा उल्लेख व्याकरणाध्ययनाचे प्रयोजन म्हणून केला आहे. पुत्रवधाने क्रुद्ध झालेल्या त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला. मंत्रातील 'इन्द्रशत्रु' हे पद अंत्योदात्त, म्हणजे तत्पुरुषाच्या स्वराने, उच्चारले जावयास हवे होते. पण उदात्त पहिल्या पदावर पडला, समास बहुव्रीही झाला, 'इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो' असा अर्थ निष्पन्न झाला, आणि त्या यज्ञातून जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मारला गेला. वैदिक उदात्त हा मुख्यतः स्वराच्या उंचीचा आणि इंग्रजी आघात मुख्यतः जोराचा, हा भेद विसरता येत नाही. तरीही पदातील स्वरस्थानावरून समास ओळखण्याचे शास्त्र ज्या देशात इतके पुरातन, त्या देशातील विद्यार्थ्याला हा विषय परका वाटावा हे मला खेदजनक वाटते.

ह्या नियमांची चिकित्सा इंग्रजांनीही हळूहळूच केली. १७५५ सालच्या आपल्या कोशात डॉक्टर जॉन्सनने शब्दांवर केवळ आघाताची खूण दिली. १७९१ साली जॉन वॉकरने स्वतंत्र उच्चारकोश रचला. १९१७ साली डॅनियल जोन्सचा कोश निघाला. आणि १९६८ साली चॉम्स्की आणि हॅले ह्यांनी इंग्रजी आघात सूत्रबद्ध करण्याचा प्रचंड प्रयत्न केला. मधल्या काळात शब्द स्वस्थ बसले नाहीत. 'बाल्कनी' शब्दावरचा आघात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दुसऱ्या अक्षरावर होता, आणि तो पहिल्यावर आल्याचे कवी सॅम्युएल रॉजर्स ह्यांना मुळीच सहन होत नसे. 'कॉन्ट्रोव्हर्सी'त तो पहिल्या अक्षरावर की दुसऱ्यावर, हा वाद खुद्द इंग्लंडात मिटलेला नाही. 'लॅबोरेटरी'त इंग्रज दुसऱ्या अक्षरावर जोर देतो आणि अमेरिकन पहिल्यावर. अशा ठिकाणी दोन्ही पक्ष नोंदविले आहेत.

एका गैरसमजाचा परिहार करून ठेवतो. मराठीत बोलताना आपण 'सिनेमा', 'हॉटेल', 'इंजिनिअर' म्हणतो ते मराठी शब्द आहेत. त्यांवर मराठीचा अंमल चालतो, आणि तेथे इंग्रजी आघात आणून बसविणे हा मराठीवर अन्याय आहे. ह्या पुस्तकातील नियम इंग्रजी बोलताना आणि वाचताना पाळावयाचे आहेत. इंग्रजाच्या उच्चाराची हुबेहूब नक्कल करावी असाही माझा आग्रह नाही. आपला 'ट' मूर्धन्य राहिला तरी कोणाचे अडत नाही, परंतु आघात चुकला तर अर्थाचेच अडते.

वाचकांना विनंती एवढीच, की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेली उदाहरणे मनातल्या मनात न वाचता मोठ्याने म्हणावीत, आणि शंका येईल तेथे कोश उघडावा. कोश पाहताना मात्र त्याच्या आरंभी दिलेली उच्चारचिन्हांची सूची आधी वाचावी. कारण पुष्कळ जुन्या कोशांत आघाताची खूण आघातयुक्त अक्षराच्या नंतर केलेली असते, आणि डॅनियल जोन्सच्या परंपरेतील कोशांत ती त्या अक्षराच्या आधी असते.